एल्कच्या शिकारीसाठी दुर्बीण: ८ पुरे, १० घ्यावी, की थेट १५?

डोंगरवाट

मंडळी, नमस्कार.

राहायला फोर्ट कॉलिन्सला, कोलोरॅडोत. ऑफिसातल्या दोघा मित्रांबरोबर येत्या ऑक्टोबरात पहिल्यांदाच एल्कच्या (इथलं मोठं हरीण) शिकारीला निघालोय. हंटर एज्युकेशनचा कोर्स उरकला (इथे १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला त्याशिवाय परवाना मिळत नाही, म्हणजे आपण सगळेच आलो), पहिल्या रायफल सीझनचा टॅग (एक जनावर मारायची परवानगी) लागला, अंगावर घालायचं ते भडक नारंगी जाकीटही आणलं. गाडी अडलीय ती दुर्बिणीपाशी.

जागा फ्लॅट टॉप्सची, मीकरच्या बाजूने वर चढून. उंची साधारण ९ ते १० हजार फूट. माथ्यावर उघडी पठारं, उतारावर अ‍ॅस्पेन, आणि मधल्या घळींमध्ये स्प्रूस-फरचं दाट रान, ज्याला इथले लोक ‘डार्क टिंबर’ म्हणतात. एका माथ्यावरून समोरचा उतार म्हणाल तर ५०० मीटर ते दीड किलोमीटर.

आता तीन तोंडं तीन दिशांना. एक मित्र म्हणतो १०×४२ सोडून काही बघू नकोस (पहिला आकडा मॅग्निफिकेशन, म्हणजे किती पट मोठं दिसतं तो; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिमीमध्ये). दुसऱ्याकडे १५×५६ आहे, तो म्हणतो एकदा हिच्यातून बघ, मग बाकीच्या खेळणी वाटतील. दुकानातला पोरगा १२×५० गळ्यात मारत होता. माझ्याकडे पक्षी बघायची जुनी ८×४२ आहे, बऱ्यापैकी चांगली.

वय ४६, चष्मा आहे, बजेट ५००-६०० डॉलर, फार तर थोडं वर. ज्यांनी प्रत्यक्ष वापरल्यात त्यांनी सांगा.

रॉकीजकर

अभिनंदन! पहिल्या वर्षी फ्लॅट टॉप्स म्हणजे सुरुवात जोरदार. व्हाइट रिव्हरचा कळप, कोलोरॅडोतला सगळ्यात मोठा, तिथेच असतो.

मॅग्निफिकेशनचं नंतर बघू. ट्रायपॉड आहे का तुमच्याकडे? नसेल तर १२ आणि १५ हे आकडे आत्ताच खोडून टाका.

हिशोब सोपा आहे. ८०० मीटरवर उभा असलेला एल्क ८ च्या दुर्बिणीतून १०० मीटरवर असल्यासारखा दिसतो, १० मधून ८० मीटरवर, १५ मधून ५३ मीटरवर. कागदावर १५ भारी. पण एल्क जितका जवळ येतो तितकीच तुमच्या हाताची थरथरही मोठी होते. चढ चढून धापा टाकत बसलाय, वारा सुटलाय, बोटं गारठलीत, अशा वेळी हातात धरलेल्या १५ मधून दिसतो तो एल्क नाही, त्याची गरबा खेळणारी आकृती. माझ्या हातात १० ही मर्यादा. काही जण १२ सांभाळतात म्हणे. सांभाळोत.

माझं मत: एकच घ्यायची तर १०×४२.

पिंट्या_परदेशी

कोलोरॅडोत राहून एल्कला दुर्बीण कशाला लागते? एस्टेस पार्कच्या गोल्फ कोर्सवर जाऊन बसा, चिप्स मागायला येतात.

डोंगरवाट

@पिंट्या, तिथे गोळी घातली तर एल्कच्या आधी मी आत जाईन. :)

@रॉकीजकर, ट्रायपॉड आहे, फोटोग्राफीचा जुना. दुर्बीण त्यावर बसते हेच माहीत नव्हतं.

वाळवंटी

टुसॉनहून लिहितोय. आमच्या इथे चित्र अगदी उलटं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

अ‍ॅरिझोनात आम्ही कूझ हरणामागे असतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचीच बुटकी जात, चांगला मोठा नर ४५ किलोच्या आसपास. रंग करडा, खडकही करडे, गवत वाळलेलं, आणि हे महाशय ओकोटिओच्या झुडपाखाली दिवसभर बसून. लोक त्याला ‘करडं भूत’ म्हणतात ते उगाच नाही. हे जनावर एक-दीड किलोमीटरवरून शोधायचं असतं आणि चालून चालून ते सापडत नाही. म्हणून आमच्याकडे १५×५६, तीही कायम ट्रायपॉडवर. सकाळी उजेड फुटायच्या आधी माथ्यावर बूड टेकवायचं, आणि उन्हं तापेपर्यंत समोरचा उतार इंच इंच चाळायचा. याला इथे ग्लासिंग म्हणतात. पायांपेक्षा बुडाची शिकार जास्त.

दुर्बीण ट्रायपॉडवर बसते. बहुतेक चांगल्या दुर्बिणींच्या पुढच्या बाजूला, दोन नळ्यांच्या मधल्या बिजागरीच्या टोकाला एक छोटं टोपण असतं. ते फिरवून काढा, आत आटे दिसतील. त्यात स्टड किंवा एल आकाराचा अडॅप्टर बसतो. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला जे पाव इंची आटे असतात, बहुतेक दुर्बिणींना तेच चालतात.

लिहून घ्या: ट्रायपॉडवरची ८ ही हातातल्या १२ ला मारते. ट्रायपॉडवरची १० हातातल्या १५ ला तर केव्हाच. मी कित्येकांना माझ्या ट्रायपॉडसमोर बसवून हे दाखवलंय आणि दर वेळी समोरचा माणूस ‘अरेच्चा’ म्हणतो.

शाकाहारी_सिंह

क्षमस्व, पण सुशिक्षित मराठी माणसाने असा धागा काढावा याचं वाईट वाटतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली ती काही कारणानेच ना? मुक्या जनावराला किलोमीटरभरावरून काचेतून हेरून मारण्यात कसला पुरुषार्थ?

रॉकीजकर

पुरुषार्थ वगैरे कोणी म्हटलेलं नाही. इथे दर वर्षी किती टॅग द्यायचे हे राज्याचं वन्यजीव खातं कळपांचा अंदाज घेऊन ठरवतं, परवान्याच्या पैशांवरच ते खातं मोठ्या प्रमाणात चालतं, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. आमच्या फ्रीजरमध्ये वर्षभर तेच असतं. पटलं नाही तरी चालेल, वेगळा धागा काढा, तिथे येऊन बोलेन. हा दुर्बिणींचा.

रानजाई

मी शिकारीच्या बाजूची नाही, पण दुर्बिणींच्या बाजूची नक्की आहे. :) नागपूरला असते, ताडोबा-पेंच नेहमीचं.

आमच्याकडे जिप्सीत ८×४२ सोडून काही चालत नाही. इंजिन चालू, शेजारचा हलतोय, वाघ ४० मीटरवर बांबूत. तिथे १० मधून नुसते पट्टे दिसतात, वाघ कुठून कुठे चालला ते कळत नाही. शिवाय आम्हाला शोधायचं काम जंगलच करून देतं. चितळाचा कॉल आला, वानर खोकलं, की गाईड बोट दाखवतोच.

एल्कचं तसं नाही हे समजतं. तरी एक शंका. एल्क हे चांगलं ३०० किलोचं धूड ना? वाळवंटींच्या ४५ किलोच्या हरणाला १५ लागत असेल तर त्याच अंतरावर एल्कला कशाला लागेल? माझ्या मते डोंगरवाट यांच्याकडची ८×४२ चांगली असेल तर तीच ट्रायपॉडवर चढवावी आणि पैसे वाचवावेत.

वाळवंटी

@रानजाई, मुद्दा बिनतोड आहे. माथ्यावर उभा असलेला एल्क उघड्या डोळ्यांनीसुद्धा किलोमीटरवरून दिसतो.

रॉकीजकर

उभा असलेला, हो. पण पहिल्या रायफल सीझनमध्ये तो किती वेळ उघड्यावर उभा असतो? ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माजाचा भर ओसरलेला असतो, बुगल (माजावरच्या नराची हाक) ऐकून शोधावं म्हटलं तर आवाज तुरळक. त्यात पहिल्या सकाळीच दोन-चार बार वाजले की कळप काळ्या रानात शिरतो. उजेड फुटताना अर्धा-पाऊण तास आणि संध्याकाळी तेवढाच वेळ तो चरायला कडेला येतो. बाकी दिवसभर तुम्ही शोधताय तो एल्क नाही, एल्कचा तुकडा.

नवीन माणूस अख्खं जनावर शोधत बसतो, म्हणून त्याला काही दिसत नाही. रानात झाडांच्या रेषा उभ्या असतात, त्यात एखादी आडवी रेषा दिसली की थांबायचं. पडलेलं खोड असेल किंवा पाठ असेल. एल्कचा पार्श्वभाग फिकट बदामी असतो, आणि अ‍ॅस्पेनच्या बुंध्यांमागे तो वाळलेल्या गवताच्या पेंढीसारखा दिसतो. मान आणि डोकं गडद तपकिरी. सकाळचं तिरपं ऊन पडलं की शिंगांची टोकं चमकतात, पांढुरकी. कान हलतो. हे सगळं ६००-७०० मीटरवरून टिपायचं तर ८ आणि १० मध्ये फरक पडतो. ट्रायपॉडवर तर जास्तच, कारण तिथे जास्तीचं मॅग्निफिकेशन थरथरीत वाया जात नाही.

आणि नुसतं ‘एल्क आहे’ एवढं कळून भागत नाही. पश्चिमेकडच्या बहुतेक युनिट्समध्ये (शिकारीच्या विभागांमध्ये) बुल, म्हणजे नर, मारायचा तर त्याच्या एका शिंगाला किमान ४ टोकं हवीत, किंवा ब्राऊ टाइन, म्हणजे कपाळालगतचं पहिलं टोक, निदान ५ इंचांचं हवं. तेवढं स्पष्ट दिसत नसेल तर बोट ट्रिगरवर जाता कामा नये.

दुसरं म्हणजे मूस, एल्कहूनही मोठं हरीण. १९७८ साली नॉर्थ पार्कमध्ये आणून सोडले, आता फ्लॅट टॉप्सवरही भरपूर आहेत. दर सीझनला कुणीतरी अंधुक उजेडात मूसला एल्क समजून मारतो आणि मग दंड, परवान्यावर शिक्षेचे पॉइंट्स, सगळं मागे लागतं. मूस अंगभर जवळजवळ काळा, लांबलचक लोंबतं नाक, पार्श्वभागाला फिकट ठिगळ नाही, नराची शिंगं पंज्यासारखी चपटी. आणि एल्क तुम्हाला बघून पळतो, मूस बघत उभा राहतो. तो उभा राहिलाय म्हणून आनंदून जाऊ नका.

नानासाहेब

आमच्या कोल्हापूरच्या छत्रपतींकडे काळवीट मारायला पाळलेले चित्ते असत. माळावर बैलगाडीतून जायचं, चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढायची. मॅग्निफिकेशनचा सगळा प्रश्न चित्त्याकडे! दाजीपूरचं रानही संस्थानचं राखीव शिकारीचं, १९५८ साली अभयारण्य झालं. आता तिथे गव्यांचे फोटो काढायला नातू जातो. असो, अवांतराबद्दल माफी. चालू द्या.

भिंगोबा

उशिरा आलो. दुर्बिणींचा धागा निघावा आणि एक्झिट प्युपिलचं नावही निघू नये?

आकाशदर्शनवाला आहे, शिकारीतलं कळत नाही, पण उजेडाचं गणित तेच. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन = डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ८×४२ ला ५.२५ मिमी, १०×४२ ला ४.२, १२×५० ला साधारण तेवढीच, १५×५६ ला ३.७. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे रोखा, मागच्या भिंगात उजेडाची गोल चकती दिसते, तीच ही.

आता तुमच्या डोळ्याची बाहुली. भर दिवसा ती २-३ मिमी असते, तेव्हा सगळ्याच दुर्बिणी सारख्याच उजळ. काळोखात तरुणपणी ७ पर्यंत जाते, पन्नाशीकडे ५ च्या आसपास येते. म्हणजे तुमच्या वयाला ८×४२ चा ५.२५ चा झोत जवळजवळ पुरता वापरला जातो. बाहुली ५ ची धरून १०×४२ च्या ४.२ शी वर्ग करून तुलना केली तर संधिप्रकाशात ८ ची प्रतिमा सुमारे ४० टक्के जास्त उजळ. रॉकीजकर म्हणतात तसा एल्क उजेड-काळोखाच्या सीमेवरच बाहेर येत असेल तर हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

रॉकीजकर

उजळ आणि स्पष्ट यांत फरक आहे हो. संध्याकाळी ८ मधून मला उजळ ठिपका दिसतो, १० मधून जरा मंद पण शिंगं असलेला ठिपका. पुन्हा कायद्याची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. त्या वेळात आकाश निरभ्र असेल तर ४.२ पुरतं.

भिंगोबा

हेही खरं. म्हणून तर जुने जर्मन लोक ट्वायलाइट फॅक्टर काढत: मॅग्निफिकेशन गुणिले व्यास, त्याचं वर्गमूळ. ८×४२ ला १८.३, १०×४२ ला २०.५, १५×५६ ला २९. त्यात काचेचा दर्जा धरलेलाच नसतो, त्यामुळे मी त्याला फार मानत नाही. स्वस्तातली १०×५० आणि चांगली १०×४२ शेजारी ठेवून बघा, आकडे गप्प बसतात.

काळवन

जर्मन लोकांचं नाव निघालंच आहे तर, मी स्टुटगार्टजवळ. इथली शिकारीची परीक्षा दिलीय, तिला लोक ‘हिरवी आबिटूर’ म्हणतात, म्हणजे रानातली बारावी. अभ्यास खरोखर तेवढा असतो.

आमच्याकडे ८×५६ हा जुना मानाचा आकडा. कारण रानडुक्कर. शेताच्या कडेला लाकडी मचाणावर (होखझित्झ) रात्री चंद्राच्या उजेडात बसायचं आणि मक्यातून काय बाहेर येतंय ते बघायचं. अंतर १०० मीटरच्या आत, म्हणून मोठं करायची गरज नाही, उजेड गोळा करायची आहे. ५६ भागिले ८ म्हणजे ७ मिमी. वजन मात्र किलोच्या वर, गळ्यात घालून डोंगर चढायची वस्तू नाही ती. डोंगरवाट यांना सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात थांबायचंच आहे, तर या भानगडीत पडू नये.

विदर्भातले शेतकरी डुकरांसाठी माळ्यावर रात्री जागतात त्याची इथे हटकून आठवण येते. फक्त इथे माळ्यावर थर्मासमध्ये कॉफी असते.

डोंगरवाट

वा, दोन दिवसांत एवढं! सगळ्यांचे आभार.

तीन शंका. एक, चष्मा लावून बघायचं तर कशाकडे लक्ष द्यावं? दोन, इमेज स्टॅबिलायझेशनवाल्या दुर्बिणी असतात, त्याने ट्रायपॉडचा प्रश्नच मिटत नाही का? तीन, मित्राची १५×५६ आमच्यात आहेच, तर मी १० घेऊन नेमकं काय साधेल?

भिंगोबा

चष्म्यासाठी आय रिलीफ बघा (मागच्या भिंगापासून डोळा किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर), १६-१७ मिमी तरी हवा. आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कडा) पूर्ण आत फिरवून टाका. तरीही चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ती दुर्बीण तुमची नाही, परीक्षण कितीही चांगलं असो. त्याच किमतीच्या ८ आणि १० मध्ये ८ ला बहुधा जास्त आय रिलीफ मिळतो, हा तिचा आणखी एक गुण.

डायॉप्टर (दोन डोळ्यांतला फरक जुळवून घ्यायची सोय) बहुतेक लोक कधी लावतच नाहीत आणि मग म्हणतात डोळे दुखतात. दूरची एखादी पाटी धरा. उजवं भिंग झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटी स्वच्छ करा. मग डावं झाका, चाकाला हात न लावता उजव्या आयपीसजवळची कडी फिरवून पाटी स्वच्छ करा. काही दुर्बिणींत ही कडी चाकातच असते. ती कुठे आली ते लक्षात ठेवा किंवा नेलपॉलिशचा ठिपका द्या. तासन्‌तास बघायचं असेल तर ही पाच मिनिटं दुर्बिणीच्या किमतीपेक्षा मोलाची.

झूमवाली, १०-३० वगैरे, फुकट दिली तरी घेऊ नका. लाल चकचकीत काचेची तर नकोच. महाबळेश्वरच्या पॉइंटवर पैसे देऊन प्रतापगड बघण्यापुरतं ते ठीक.

पिंट्या_परदेशी

स्टॅबिलायझेशनचं मी सांगतो, माझ्याकडे कॅननची १०×४२ आहे. (हो, मीही कधीकधी कामाचं लिहितो.) बटण दाबलं की चित्र खिळल्यासारखं थांबतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला जादू वाटते. पण वजन १.१ किलो, सेल लागतात, आणि थंडीत सेल कसे वागतात ते कोलोरॅडोकरांना सांगायला नको. बोटीवर, गाडीत, क्रिकेटला झकास. सहा तास एकाच उतारावर नजर ठेवायला? त्याला ट्रायपॉडच बरा, हात मोकळे राहतात, सँडविच खाता येतं.

वाळवंटी

तिसरी शंका माझ्या वाट्याची. १५ असताना १० कशाला?

कारण १५ मधून दिसणारा तुकडा लहान असतो. १००० मीटरवर ८×४२ मधून साधारण १३० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०×४२ मधून ११० च्या आसपास, १५×५६ मधून ७७ च्या घरात. पठारावर पोचलात, उजेड फुटतोय, समोर तीन किलोमीटर लांबीचा उतार, अशा वेळी आधी रुंद नजर हवी. मोठ्या काचेने शोधायला बसलात तर ज्या टोकाला तुम्ही अजून पोचला नाहीत तिथला कळप तेवढ्यात रानात शिरलेला असतो.

माझी पद्धत: छातीवरच्या हार्नेसमध्ये १०, पाठीवरच्या सॅकमध्ये १५ आणि ट्रायपॉड. बसल्यावर आधी १० ने रानाच्या कडा, पाणवठे, सावली-उन्हाची सीमा भराभर बघून घ्यायची. सोपं काही असेल तर तेव्हाच दिसतं. मग १५ ट्रायपॉडवर, आणि उताराचे मनात चौकोन पाडून एकेक चौकोन. दुर्बीण हलवायची नाही, आतल्या आत डोळा फिरवायचा: वरचा कोपरा, खालचा कोपरा, मधला भाग. मग थोडी सरकवायची, आधीच्या चौकोनाचा थोडा भाग ठेवून. संपला उतार की पुन्हा पहिल्यापासून. मघाशी जिथे काही नव्हतं तिथे हरीण उठून उभं राहिलेलं असतं, हे नेहमीचंच.

दुपारी जमीन तापली की हवा लहरायला लागते. तेव्हा १५ मधून सगळं पाण्याखाली असल्यासारखं डुलतं, आणि ८-१० मधून उलट जास्त कळतं. तुमच्याकडे ऑक्टोबरात १० हजार फुटांवर हा त्रास कमी, पण उन्हाच्या उतारावर असतोच.

आणि एक गोष्ट जिच्यावर माझं कुणाशीही जमत नाही: रायफलीच्या स्कोपने शोधायचं नाही. कधीच नाही. समोर काय हलतंय ते बघायला स्कोप लावलात म्हणजे जे काही हलतंय त्यावर नळी रोखलीत. ते नारंगी जाकीट घातलेलं माणूस असेल तर? आधी दुर्बीण, खात्री पटली की मग रायफल.

रॉकीजकर

शेवटच्या परिच्छेदाला दहा वेळा अनुमोदन.

रानजाई

म्हणजे तीन मित्रांत १५ आहे, १० आहे. रुंद नजरेची आणि घळीतल्या दाट रानात वापरायची ८ डोंगरवाटांकडे आधीच आहे. मी अजूनही म्हणते, पाकिटाला हात लावायची गरज ट्रायपॉडच्या हेडपुरतीच (दुर्बीण बसते ते वरचं फिरतं डोकं).

रॉकीजकर

ताई, ते तिघं कायम एकत्र थोडेच बसणार? पहाटे तीन वेगवेगळ्या माथ्यांवर तीन माणसं जातात. एकट्याने ४ टोकं मोजायची वेळ आली तर हातात काय आहे हे महत्त्वाचं. ४००-५०० डॉलरमध्ये व्होर्टेक्स, ल्युपोल्ड, मेव्हन यांच्या बऱ्यापैकी १०×४२ मिळतात. मी असतो तर घेतली असती.

एच१बी_हैराण

थोडं वेगळं विचारतो. मी एच-१बी वर आहे, डेन्व्हरला. हा धागा वाचून उत्साह आलाय. मला रायफल हातात घेता येते का?

रॉकीजकर

फेडरल कायद्यात बिगर-स्थलांतरित व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. पण परवान्याची तारीख संपली की अपवादही संपतो. ग्रीन कार्डची फाईल चालू असेल तर आधी वकिलाला विचारा, मंचावरच्या काकांना नको. दुर्बीण मात्र कुठल्याही व्हिसावर चालते.

डोंगरवाट

अपडेट.

शनिवारी संध्याकाळी तिघंही हॉर्सटूथ जलाशयाच्या वरच्या टेकडीवर गेलो, तिन्ही दुर्बिणी घेऊन. पलीकडच्या उतारावर म्यूल डिअर जातीची हरणं उतरतात हे माहीत होतं. माझ्या जुन्या ८ च्या बिजागरीवरचं टोपण निघालं, आत आटे होते, वाळवंटींना सलाम. अडॅप्टर लावून ती ट्रायपॉडवर चढवली. मित्राची १० हातात, १५ आधी हातात आणि मग ट्रायपॉडवर.

१५ हातात धरून मित्राला उतारावर हरणं आहेत एवढं कळलं, किती ते सांगता येईना. १० वाल्याला तीन दिसली. मला ट्रायपॉडवरच्या ८ मधून तीन दिसली आणि त्यांच्या वर सेजब्रशच्या झुडपांमध्ये एक काळ्या किनारीचा कान. तो कान हलला म्हणून दिसला. आकार म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढा, पण चित्र हलत नव्हतं म्हणून दाणा वेगळा उठला. मग १५ ट्रायपॉडवर लावली तर कानाखाली डोळा, नाकाचा काळा ठिपका, आणि शिंगाला दोन फाटे. फरक प्रचंड आहे, ते नाकबूल करणार नाही. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी १० वाला मित्र ‘दिसेनासं झालं’ म्हणाला तेव्हा ८ मधून मला हरणं अजून दिसत होती, पण शिंगं आहेत की नाहीत ते सांगता येत नव्हतं. म्हणजे भिंगोबा आणि रॉकीजकर दोघंही बरोबर.

तर या वर्षी ८ च नेतोय. पैसे ट्रायपॉडच्या चांगल्या, अलगद फिरणाऱ्या फ्लुइड हेडमध्ये आणि छातीवरच्या हार्नेसमध्ये. शिवाय टॅग मी काऊचा, म्हणजे मादीचा, घेतलाय, बुलचा नाही, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. टोकं मोजायची भानगड नाही.

रॉकीजकर

काऊ टॅग आहे हे पहिल्या प्रतिसादात सांगितलं असतंत तर माझे चार परिच्छेद वाचले असते! मग ८ चालेल. मूसच्या मादीला शिंगं नसतात हे तेवढं ध्यानात ठेवा, तुमच्यासाठी घोटाळा होण्याची जागा तीच आहे. पुढच्या वर्षी बुलचा टॅग लागला की १० घेणार आहात, मी आत्ताच सांगून ठेवतो.

रानजाई

😀 बघू, बघू.

डोंगरवाट

@वाळवंटी, शेवटचं एक. ट्रायपॉड किती उंच हवा? माझा पूर्ण उघडला की पाच-साडेपाच फूट होतो, वजन अडीच किलो. कार्बन फायबरचे महाग आहेत.

वाळवंटी

उंचीची गरज नाही. तुम्ही बसून बघणार आहात, जमिनीवर किंवा फोमच्या तुकड्यावर, पाठ खडकाला टेकून. पाय पूर्ण पसरून ट्रायपॉड तुमच्या बसलेल्या डोळ्यापर्यंत आला की झालं. मधला दांडा वर काढू नका, वाऱ्यात तोच हलतो. दांडा काढून टाकता येत असेल तर काढूनच टाका, वजन वाचेल. सॅक खाली हुकाला लटकवा. फोमचा तुकडा मात्र विसरू नका, ऑक्टोबरातल्या १० हजार फुटांवरच्या दगडावर त्याशिवाय कुणी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसत नाही.